ताईसोबत पहिल्यांदाच बँकॉकला चाललोय. फिरणं, खरेदी आणि रात्रीची मजा कशी जमवावी?

शनिवार-रविवार हाताशी ठेवा, चातुचाक बाजार खरा भरतो तो तेव्हाच. मो चित स्टेशनला उतरून सकाळीच गाठा. दुपारी पत्र्याखाली जीव नकोसा होतो. आवडलेली वस्तू तिथल्या तिथे घासाघीस करून घ्या, त्या गल्ल्यांत तेच दुकान पुन्हा सापडणं कठीण.

राजवाड्यात जाताना दोघांचेही खांदे-गुडघे झाकलेले हवेत. 'आज बंद आहे' म्हणणाऱ्या टुकटुकवाल्याकडे सरळ दुर्लक्ष करा, तो तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेणार! जवळच 'वाट फो' मंदिरात ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे, तो चुकवू नका.

रात्री खाओ सान रोडवर नुसता गोंगाट. ताईंना तो झेपणार नसेल तर याओवारात भागात, म्हणजे चायनाटाउनमध्ये, रस्त्यावरच्या गाड्यांवर खात फिरा. मला विचाराल तर तेच जास्त रंगतं.