भाड्याने देण्यासाठी पहिले घर घेताना

प्रश्न : माझी नोकरी स्थिर असून काही वर्षांची बचत हाताशी आहे. कर्ज काढून एखादे घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे आणि भाड्यातून हप्ते फेडावेत, असा विचार आहे. या व्यवहारांचा मला अनुभव नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : घरे पाहायला निघण्याआधी आपण कागद-पेन घेऊन बसावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. भाड्यातून हप्ता परस्पर फिटेल, असे पुष्कळजण गृहीत धरतात. आकडे मांडून पाहणारे मात्र थोडे असतात.

समजा, घराची किंमत 100 आहे. त्यातले 20 आपण घातले आणि उरलेल्या 80 साठी 8 टक्के व्याजाने 20 वर्षांचे कर्ज काढले. वर्षभराचे हप्ते साधारण 8 होतात. वर्षाचे भाडे 5 धरले आणि एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर महिनाभर रिकामे राहिले, तर हाती साडेचारच्या आसपास पडतात. त्यातून दुरुस्ती, कर आणि विमा यांसाठी 1 बाजूला काढला की साडेतीन उरतात. म्हणजे दरवर्षी सुमारे साडेचारची भर आपल्याला पगारातून घालावी लागेल. हप्त्यातून फिटणारे मुद्दल आपलेच असते, हे खरे. परंतु पहिल्या वर्षी त्या 8 पैकी सहाहून अधिक रक्कम व्याजातच जाते. हा बोजा झेपणारा असेल तर घर जरूर घ्यावे, मात्र तो माहीत असताना घ्यावे.

भाव वाढतील आणि सगळे भरून निघेल, असे आपल्याला सांगितले जाईल. कर्जामुळे वाढ मोठी दिसते, तशी घटही मोठी होते. वरच्याच उदाहरणात भाव 10 टक्क्यांनी उतरले, तर आपण घातलेल्या 20 पैकी निम्मे गेले. जपानमध्ये 1991 नंतर जमिनीचे भाव दहा वर्षांहून अधिक काळ उतरत राहिले. अमेरिकेतील घरांच्या किमती 2006 नंतरच्या मंदीत पाव हिश्श्याहून जास्त घसरल्या. अशा वेळी ज्यांना घर विकावेच लागले त्यांचे सर्वाधिक नुकसान झाले, आणि म्हणूनच किमान सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणी, दलाली आणि कर्जाचे शुल्क यांची रक्कमही आधीच धरावी. ती किंमतीत दिसत नाही, पण बचतीतूनच जाते.

प्रत्यक्ष घर पाहताना सजावटीकडे लक्ष देऊ नये. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीचा खालचा हातभर भागच ताज्या रंगाचा दिसला, तर रंगामागे ओल असण्याची शक्यता धरावी. तिथे तळहात टेकवून पाहावा आणि शंका आली तर जाणकाराला घेऊन पुन्हा जावे. एकदा दिवसा आणि एकदा रात्री, अशा निदान दोन फेऱ्या माराव्यात. त्याच इमारतीतल्या भाडेकरूंना ते खरोखर किती भाडे देतात आणि आधीची माणसे का सोडून गेली, हे विचारावे. दलालाने सांगितलेल्या भाड्यापेक्षा त्यांचे उत्तर अधिक भरवशाचे असते. मालकी निर्वेध आहे का आणि घर कुठे गहाण आहे का, हे तपासण्यासाठी वकील आपला स्वतःचा असावा, विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नसावा.

प्रश्न : घर घेण्याइतकी बचत नसेल, तर या क्षेत्रात शिरताच येत नाही का?

उत्तर : येते. अनेक देशांत रीट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्था भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींची मालकी घेतात आणि त्या मालकीचे छोटे हिस्से शेअर बाजारात विकतात. अमेरिकेने 1960 मध्ये त्यासाठी कायदा केला. भाडेकरू शोधणे, नळ दुरुस्त करणे हे व्याप इथे नाहीत आणि हिस्सा विकणेही सोपे असते. मात्र त्याचा भाव रोज वरखाली होतो आणि उत्पन्नाची हमी नसते. रीटच्या अहवालात किती जागा रिकामी आहे आणि मोठ्या भाडेकरूंचे करार कधी संपतात, याची माहिती पाहावी. हे दोन तपशील वाचल्याखेरीज पैसे गुंतवू नयेत.