जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवताना

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१७ सालचा असून त्यात १ टीबीची हार्ड डिस्क आणि ८ जीबी रॅम आहे. मी घरून मराठी टंकलेखनाची कामे घेते. लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ लागतो आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर बराच वेळ १०० टक्के दिसतो. दुकानदार एनव्हीएमई एसएसडी घ्यायला सांगतात. ती बसेल का, आणि माझे फॉन्ट व फायली शाबूत राहतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून अडचण बहुधा डिस्कचीच आहे. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. त्या फिरत्या तबकडीवर विखुरलेल्या असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी पोचण्यात हार्ड डिस्कचे दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारा भागच नसल्याने हे काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहूनही लवकर होते.

मात्र एनव्हीएमई (एसएसडीचा अधिक वेगवान प्रकार) घेण्यापूर्वी आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) आहे का आणि तो एनव्हीएमई स्वीकारतो का, हे अवश्य पाहावे, कारण काही स्लॉट केवळ साटा या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीचे असतात आणि त्यांत एनव्हीएमई ओळखली जात नाही. तशी सोय नसेल तर अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्याच जागी बसते. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो. टंकलेखनात या दोन प्रकारांतला फरक आपल्याला जाणवणारही नाही, तेव्हा केवळ एनव्हीएमईसाठी जादा पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी काळजी आपल्या फायलींची घ्यायला हवी. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. तेथे धोक्याची सूचना दिसली तर थेट क्लोनिंग (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवणे) सुरू न करता आधी कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण क्लोनिंगचे तासन्‌तास चालणारे वाचन खिळखिळी झालेली डिस्क सोसेलच असे नाही. डिस्क धडधाकट असली तरी आधी बॅकअप घ्यावाच.

क्लोनिंग केल्यास विंडोज, फॉन्ट, कीबोर्डची मांडणी असे सारे जसेच्या तसे नव्या डिस्कवर येते. ५०० जीबीची एसएसडी घेणार असाल तर प्रत्यक्ष व्यापलेली जागा तिच्यात मावली पाहिजे. क्लोनझिला हे साधन सहसा मूळ डिस्कहून लहान डिस्क स्वीकारत नाही, त्यामुळे एसएसडीच्या कंपनीने सॉफ्टवेअर दिले असेल तर ते वापरणे सोयीचे. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवून तो तात्पुरता थांबवावा.

विंडोज नव्याने टाकायचे ठरवलेत, तर जुन्या डिस्कवरील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची प्रत आधी घ्या. युनिकोडपूर्व, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसवलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी म्हणून उघडतो, आणि जुन्या ग्राहकाची फाईल ऐनवेळी वाचता येत नाही. काही टंकलेखन सॉफ्टवेअरची नोंदणी डिस्कशी बांधलेली असते. तसे असल्यास विक्रेत्याशी आधीच बोलून घ्यावे. विंडोजचा परवाना सहसा मदरबोर्डशी जोडलेला असल्याने तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

एसएसडीवरून पुसलेली फाईल ट्रिम या पुसलेली जागा मोकळी करणाऱ्या सोयीमुळे बहुधा परत मिळवता येत नाही, म्हणून बॅकअपची सवय पुढेही ठेवावी. जुनी डिस्क महिनाभर तशीच राखून मग यूएसबी केसमध्ये घालून वापरता येईल, पण इतकी वर्षे चाललेल्या त्या डिस्कवर कोणत्याही फाईलची एकमेव प्रत ठेवू नये.