शोभेच्या कोबीला रंग कधी येणार?

रोपं जोमदार आहेत, खत वेळेवर पडतंय, तरी पानं हिरवीच, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते घोळ त्या खतातच आहे. शोभेच्या कोबीला आणि केलला (सुट्या पानांच्या कोबीला) रंग चढवते ती थंडी. रात्रीचं तापमान दोन-तीन आठवडे 10 अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं की मधल्या कोवळ्या पानांत हरितद्रव्य कमी होतं आणि अँथोसायनिन या रंगद्रव्याचा गुलाबी-जांभळा रंग उठून दिसतो. पांढऱ्या जातींत अँथोसायनिन नसतं, म्हणून गाभा सायीसारखा दिसतो. बाहेरची जून पानं मात्र हिरवीच राहतात, त्यांची वाट बघू नका. नत्र जास्त झालं तर थंडीतही हिरवा रंग हटत नाही, म्हणून युरियासारखी खतं आत्ताच थांबवा. रोज पाच-सहा तास ऊन हवंच. सावलीत रंग फिका पडतो.

पुढच्या खेपेला बी थंडीच्या दोन-अडीच महिने आधी टाका. मातीचा थर वर नावापुरताच, कारण उजेडात उगवण चांगली होते; साधारण आठवड्यात अंकुर दिसतात. अंकुराच्या पहिल्या जोडीनंतरची चार-पाच खरी पानं आली की लगेच मोठ्या जागी हलवा. लहान कुंडीत मुळं गोल फिरून अडकली की रोप खुरटतं, नंतर प्रशस्त जागा दिली तरी अंग धरत नाही. लावताना खोड सगळ्यात खालच्या पानापर्यंत मातीत दाबा, नाहीतर उघड्या देठावर टोपी ठेवल्यासारखं दिसतं. दोन रोपांत 30 ते 40 सेंटिमीटर अंतर ठेवा.

आणि रोज गाभ्यात डोकावा. पानांच्या बेचक्यात हिरवट-काळे बारीक दाणे दिसले तर ती अळीची विष्ठा. अळी पानाच्याच रंगाची असते, शिरेला चिकटून बसते. पान उलटल्याशिवाय सापडत नाही. चार-दोन असतील तर हातानं वेचा, जास्त असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं औषध संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. ते अळीच्या पोटात जावं लागतं आणि लहान अळीवरच नीट चालतं. माव्याला, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीला, त्याचा उपयोग नाही. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा.

पिवळी पडलेली खालची पानं खुडत राहा, कुजली की घाण वास सुटतो. ऊन तापू लागलं की गाभा उंच होऊन पिवळ्या फुलांचा दांडा निघतो. तेव्हा रोप सरळ उपटा.