मॅटाडोर भंगारात देण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सांवेरच्या घरामागची मॅटाडोर भंगारात द्यावी की डागडुजी करून ठेवावी, असे तू विचारले आहेस. ठेवण्याचा आग्रह मी धरणार नाही. इतकी वर्षे कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा कुजला असणार आणि सुटे भाग शोधता शोधता तुझा पैसा व उमेद दोन्ही संपतील. मात्र त्याआधी तुझ्या आजोबांच्या जुन्या ड्रायव्हरकाकांजवळ एक दुपार बैस आणि ती गाडी ते कशी चालवीत, ते समजून घे.

आम्हा मुलांना ती नुसती ‘लोडिंग’ म्हणून ठाऊक होती. बटाटा निघाला की रात्री कट्टे भरले जात आणि पहाटे ती इंदूरच्या चोइथराम मंडीकडे निघे. येताना खत, कधी पाहुणे, एकदा तर अख्खी वरात. वाटेत डिझेल संपले तर नुसते डिझेल ओतून भागत नसे, कारण नळीत हवा शिरलेली असे. क्लीनर एक नट सैल करून हातपंप मारत राही, मी बॅटरीचा उजेड धरी, आणि फेसाळ डिझेल वाहून जाऊन बुडबुडा नसलेली सलग धार आली की तो नट आवळी. हाताचा तो वास दुसऱ्या दिवशी शाळेतही जात नसे. (आईच्या मते मी त्या वासासाठीच जात असे, आणि ते खोटे नव्हते.)

पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या चढावर काळ्या मातीचा नुसता चिखल होई. भरलेली गाडी तिथे आली की ड्रायव्हरकाका तिला वळवून घेत आणि उलट्या गिअरमध्ये वर चढवीत. गाडी वर जाई, पण तोंड आमच्याकडे. ही त्यांची गंमत आहे, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. 1969 पासून निघालेल्या या गाडीची ओढ पुढच्या चाकांना असे, आणि मागे माल भरून ती चढाला लागली की नेमका पुढचाच भार हलका होऊन चाके जागीच फिरत, हे मला फार उशिरा उमगले. उलटे चढताना तीच चाके उताराच्या बाजूला येतात, त्यांच्यावर भार पडतो आणि ती जमीन धरतात. 1986 मध्ये टाटा 407 आली, तिला मागची चाके रेटतात, त्यामुळे ही युक्ती पुढच्या ड्रायव्हरांना लागलीच नाही. पीथमपूरच्या कारखान्यात तू रोज गाड्या पाहतोस, पण हे तुला तिथे कोणी सांगणार नाही.

गाडी देताना नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घे. मागचा फाळका मात्र काढून माझ्यासाठी ठेव. त्याच्या आतल्या बाजूस तुझे आजोबा खिळ्याने रेघा ओढून कट्टे मोजीत.

तुझा,
काका