सुकियाकी खायची तर क्योतोत, आणि पहिला काप नुसता

प्रश्न: ताई, मी आणि माझी बहीण आठ दिवस जपानला चाललोय, टोकियो आणि क्योतो. दोघी बीफ खातो, त्यामुळे एकदा तरी एखाद्या जुन्या हॉटेलात सुकियाकी (बीफचे पातळ काप आणि भाज्या टेबलावरच एका भांड्यात शिजवतात, ती) खायचीच असं ठरलंय. पण कच्च्या अंड्यात बुडवून खातात म्हणे, ते सेफ आहे का? टेबलावर आपणच शिजवायचं असतं का? आणि बजेट एकदाचंच आहे, तर टोकियोत खावी की क्योतोत?

उत्तर: क्योतोत खा, माझं मत अगदी पक्कं आहे.

टोकियोकडे वारिशिता नावाचा तयार रस असतो, सोया सॉस, मिरीन (स्वयंपाकात वापरायची गोड तांदळाची दारू), साके आणि साखरेचा, तो आधी भांड्यात ओततात आणि त्यात मांस, भाज्या शिजतात. ही पद्धत ग्युनाबे नावाच्या जुन्या बीफ हॉटपॉटवरून आलीय, म्हणजे योकोहामा बंदर 1859 मध्ये उघडल्यावर परदेशी लोकांमुळे तिकडे बीफ आलं आणि मग लोक मिसो वगैरे घालून त्याचं हॉटपॉट करायला लागले. त्याआधी कित्येक शतकं जपानमध्ये बीफ उघडपणे खाल्लं जात नव्हतं, 1872 मध्ये मेइजी सम्राटाने खाल्लं हे जाहीर झालं आणि मग लोकांची भीड चेपली. क्योतो-ओसाकाकडे मात्र रस नाहीच, आधी मांस भाजतात. सुकियाकीतलं याकी म्हणजे भाजणंच की!

मी क्योतोत पहिल्यांदा खाल्ली तेव्हा किमोनोतल्या बाई (त्यांना नाकाई-सान म्हणतात) शेजारी गुडघ्यांवर बसल्या, बिडाच्या उथळ भांड्यात चरबीचा पांढरा तुकडा फिरवला, वर साखर पसरली, साखर कडेने विरघळायला लागली तसा एकच मोठा पातळ काप त्यावर अंथरला आणि सोया सॉसची धार सोडली, चर्रर्र आवाज आणि असा काही खमंग वास सुटला की आम्ही बोलायचंच थांबलो. मांस मध्ये जरा गुलाबी असतानाच त्यांनी ते माझ्या वाटीत ठेवलं. तो पहिला काप नुसता खायचा, भाज्या नंतर. म्हणून सांगते, त्या वेळी फोटो काढत बसू नका, मिनिटभरात मांस कडक होतं.

म्हणजे शिजवायची काळजी सोडा, अशा जुन्या ठिकाणी निदान सुरुवात तरी त्याच करून देतात. पुढे लांब पातीचा कांदा, भाजलेलं तोफू, शिइताके मशरूम, शुंगिकू नावाची किंचित कडसर पालेभाजी आणि शिराताकीच्या पारदर्शक शेवया पडतात, भाज्यांचं पाणी सुटतं आणि तोच रस होतो. फार खारट झालं तर सांगा, थोडं पाणी किंवा दाशी (जपानी स्टॉक) घालतात. शेवटी उदोन (गव्हाच्या जाड शेवया) मिळत असेल तर नाही म्हणू नका, सगळी चव त्या रसात उतरलेली असते.

आता अंडं. जपानमध्ये अंडी धुऊन, तपासून विकतात आणि त्यावरची तारीख कच्चं खाण्याच्या हिशोबाने दिलेली असते, त्यामुळे तिथे लोक निर्धास्त खातात. मी पण खाते. गरम काप त्यात बुडवला की निवतो आणि गोड-खारट चव मऊ होते. पण दोघींपैकी कुणी गरोदर असेल किंवा आजारपणातून उठली असेल तर कच्चं अंडं टाळाच, नको म्हटलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

पैशांचं म्हणाल तर रात्री नावाजलेल्या ठिकाणी माणशी 10,000 येनच्या पुढेच धरा, वर सर्व्हिस चार्ज लागतो बऱ्याच ठिकाणी, टिप मात्र द्यायची नसते. दुपारचा सेट बराच स्वस्त पडतो, मी तुमच्या जागी असते तर दुपारीच गेले असते. क्योतोच्या तेरामाचीतलं मिशिमा-तेई हे हॉटेल 1873 पासून आहे, साखर आधी घालायची पद्धत तिथे बघायला मिळेल. बुकिंग आधीच करा. तातामीवर (गवताच्या चटयांवर) बसायचं असेल तर बूट काढावे लागतात, मोजे धड घाला.

प्रश्न: शाबुशाबू म्हणजे सुकियाकीच का?

उत्तर: नाही हो. शाबुशाबूत काप कोम्बू (समुद्री शेवाळ) घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन-तीनदा हलवून पोंझू नावाच्या आंबट सॉसमध्ये किंवा तिळाच्या सॉसमध्ये बुडवतात, साखर नाही की कच्चं अंडं नाही. हे नाव ओसाकातल्या एका हॉटेलाने 1952 मध्ये दिलं. गोड मांस आवडणार नाही अशी शंका असेल तर शाबुशाबूच खा.