प्रकाश पडताच पट्टी का वाकते?

प्रश्न : अतिनील प्रकाश टाकताच प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी प्रकाशाकडे वाकते आणि साध्या दृश्य प्रकाशात पुन्हा सरळ होते, असे मी एका चित्रफितीत पाहिले. इस्त्रीतील द्विधातूची पट्टी तापून वाकते, तसाच हा प्रकार आहे का?

उत्तर : तुमची तुलना निम्मी बरोबर आहे. दोन्हीकडे पट्टीची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड पडते, म्हणून ती वाकते. मात्र येथे धातू नाहीत, आणि मुख्य कारण उष्णता नसून रेणूचा बदललेला आकार हे आहे.

ही पट्टी द्रवस्फटिकी (लिक्विड क्रिस्टल) बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची असते. तिच्यातील काडीसारखे लांबट रेणू एका दिशेने मांडलेले आणि जाळ्यासारखे परस्परांशी बांधलेले असतात; त्यांतच अझोबेंझीनचे रेणू गुंफलेले असतात. अझोबेंझीनच्या मध्यभागी दोन नायट्रोजन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषला की रेणू या बंधापाशी मुडपतो आणि त्याची लांबी सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ नॅनोमीटरवर येते. मुडपलेला रेणू शेजारच्या सरळ काड्यांमध्ये नीट बसत नाही, त्यामुळे सगळी मांडणीच विस्कटते आणि पदार्थ त्या दिशेने आखडतो.

पण सगळी पट्टी सारखीच आखडली असती, तर ती नुसतीच आखूड झाली असती. अझोबेंझीन अतिनील प्रकाश इतका शोषून घेते, की साधारण १० मायक्रोमीटर जाडीच्या पट्टीतही तो बहुतेक वरच्या एका मायक्रोमीटरमध्येच संपतो. उन्हात घातलेल्या पापडाची वरची बाजू आधी सुकून आक्रसते आणि कडा वर उचलल्या जातात, तसेच येथे घडते. रेणू पृष्ठभागाशी काटकोनात उभे मांडले, तर प्रकाशाकडील बाजू उलट पसरते आणि पट्टी प्रकाशापासून दूर वाकते. आखडणे रेणूंच्या दिशेवर अवलंबून असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला तरी माहीत नाही.

टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तोमिकी इकेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याहून देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या पट्टीत वेगवेगळ्या दिशांनी मांडलेल्या रेणूंचे असंख्य सूक्ष्म भाग होते. ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात असा प्रकाश, त्यांपैकी आपल्या दिशेशी जुळणारे भागच निवडतो. त्यामुळे ध्रुवणाची दिशा फिरवली, की तीच पट्टी हवी त्या दिशेने वाकवता येत असे. ५४० नॅनोमीटरहून अधिक तरंगलांबीच्या प्रकाशात मुडपलेले रेणू पुन्हा ताठ होत आणि पट्टी सपाट होई.