तुटलेला दात, वाकडी रांग आणि जवळ आलेले लग्न

प्रश्न : मी इंदूरच्या टिळकनगरात राहते, वय 26. शाळेत असताना स्कूटरवरून पडून माझ्या समोरच्या वरच्या दाताचा कोपरा तुटला. आता तो दात करडा पडत चालला आहे. शेजारचे दातही एकमेकांवर चढलेले आहेत. पाच महिन्यांनी माझे लग्न आहे. एक डॉक्टर समोरच्या सहा दातांना व्हीनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा दाताच्या रंगाचा पातळ पापुद्रा) लावून पंधरा दिवसांत काम पुरे करू म्हणतात, तर दुसरे आधी दीड वर्ष तारा लावा म्हणतात. लग्नात तोंडात तारा दिसू नयेत, असा आईचा आग्रह आहे. काय करावे?

उत्तर : तारांनी दाताची जागा बदलते, पण तुटलेला कोपरा भरून येत नाही. व्हीनिअरने दाताचे रूप बदलते, जागा नाही. तुम्हाला दोन्ही तक्रारी आहेत, म्हणून दोन डॉक्टरांनी दोन उत्तरे दिली. मात्र या दोन्हींच्या आधी करड्या दाताकडे पाहायला हवे. मार लागल्यानंतर काही वर्षांनी दात करडा होऊ लागला, तर आतली नस मेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि दुखत नाही म्हणून दात निरोगी आहे असे समजता येत नाही. गारठवलेला कापसाचा बोळा दाताला टेकवून संवेदना तपासतात आणि मुळाचा एक्स-रे काढतात. नस मेलेली असल्यास रूट कॅनॉल करून, म्हणजे दाताला छिद्र पाडून ती नस काढून आतली पोकळी भरून, त्याच वाटेने दाताला आतून ब्लीचिंग करता येते. पुष्कळदा एवढ्यानेच रंग बराच उजळतो.

आता सहा व्हीनिअरविषयी. दात मुळात रांगेत असतील, तर व्हीनिअरसाठी साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण आवरण, घासावे लागते. चढलेले दात केवळ सरळ दिसावेत म्हणून व्हीनिअर लावायचे झाले, तर पुढे आलेला दात याहून बराच जास्त घासावा लागतो, इनॅमल संपून आतला थर उघडा पडतो, व्हीनिअरची पकड कमी होते आणि दात शिवशिवू लागतात. घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. चांगले व्हीनिअरही साधारण दहा-पंधरा वर्षे टिकते, म्हणजे तुमच्या वयाला ते आयुष्यात अनेकदा बदलावे लागेल. मार लागलेला दात एक आहे. त्यापायी पाच धडधाकट दात घासणे मला मुळीच पटत नाही.

तारांचा मार्ग लांबचा आहे, कारण दात सरकतो तेव्हा त्याच्या एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे तयार होते, आणि या क्रियेला घाई चालत नाही. रूट कॅनॉल झालेला दातही सरकवता येतो. मात्र मार लागलेल्या दाताचे मूळ कधी कधी हाडाला चिकटून बसते, आणि तसा दात तारांनी हलत नाही. म्हणून तारांपूर्वीही एक्स-रे हवाच.

मी असा क्रम सुचवेन : आधी नस तपासून आवश्यक तो उपचार, मग तुटलेल्या कोपऱ्यावर कॉम्पोझिट. दाताच्या रंगाचे हे द्रव्य थराथराने लावून निळ्या प्रकाशाने कडक करतात, दात जवळजवळ घासावा लागत नाही आणि बहुधा एकाच बैठकीत काम होते. लग्नाच्या फोटोंसाठी ते पुरेसे आहे. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खुशाल खा, पण ऊस किंवा कडक चिक्की समोरच्या दातांनी तोडू नका. तारा लग्नानंतर लावा. आत्ताच सुरुवात करायची असेल आणि तुमच्या दातांना चालत असेल, तर पारदर्शक अलाइनर (दातांवर बसणारे, दात हळूहळू सरकवणारे प्लास्टिकचे साचे) घ्या; ते रोज वीस-बावीस तास घालावे लागतात, पण विधींच्या वेळी काढून ठेवता येतात. दात रांगेत आल्यावरही रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन) वापरावाच लागतो, नाहीतर दात पुन्हा जुन्या जागी सरकतात. कायमचे व्हीनिअर किंवा कॅप लागलीच, तर ती त्यानंतर आणि त्या एकाच दाताला, कारण आधी बसवलेल्या कॅपचा आकार नव्या रांगेत जुळेलच असे नाही.

आईंना सांगा की त्यांची अडचण रास्त आहे आणि ती व्हीनिअरशिवाय सुटते. खर्चाची चिंता असेल, तर इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवता येईल. 1961 पासूनची ही संस्था आहे. कुठेही गेलात, तरी होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा की कोणता दात किती मिलिमीटर घासणार आणि खालचे दात वरच्या दातांच्या मागे जोरात आपटतात का. तसे आपटत असतील, तर व्हीनिअरच्या कडा उडण्याचा धोका असतो.